पाणी रोज, तरी पीस लिली मान टाकते

प्रश्न : विश्रामबागला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. वास्तुशांतीला नणंदेनं फुललेली पीस लिली दिली. नर्सरीची काळी प्लॅस्टिकची कुंडी हॉलमध्ये बरी दिसेना, म्हणून त्याच दिवशी चिनी मातीच्या मोठ्या पांढऱ्या कुंडीत लावली. तासगावकडच्या आमच्या शेतातली काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घातलं. कुंडीला भोक नाही म्हणून तळाला चार बोटं खडी घातली. रोज सकाळी एक तांब्या पाणी घालते. बोअरचं पाणी आहे. आरओ मशिनचं वाया जाणारं पाणीही तिलाच जातं. टीव्हीच्या कोपऱ्यात ठेवली आहे. महिनाभरात खालची पानं पिवळी पडली, टोकं करपली, पांढरी फुलं हिरवी झाली आणि आता सगळं झाड लोळलंय. मातीवर चिलटं उडतात. मिस्टर म्हणतात, द्राक्षबागेसाठी आणलेलं १९:१९:१९ खत टाक, उभारी धरेल. टाकू का? आणि बेडरूममध्ये ठेवली तर हवा शुद्ध होते म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, १९:१९:१९ टाकू नका. आज पाणीही घालू नका. येत्या शनिवार-रविवारी तासभर काढा आणि झाड कुंडीतून बाहेर काढून मुळं बघा. मुळं बघितल्याशिवाय केलेला कुठलाही उपाय अंदाजपंचे ठरेल.

पीस लिली तहानेनं मान टाकते तशीच मुळं कुजल्यावरही टाकते, आणि लांबून दोन्ही अगदी सारखं दिसतं. फरक कुंडी उचलल्यावर कळतो. तहानेलेल्या झाडाची कुंडी हलकी लागते, माती कडेनं सुटलेली असते आणि पाणी दिल्यावर दोन-चार तासांत पानं उभी राहतात. तुमच्याकडे माती ओली, कुंडी जड आणि तरीही झाड आडवं. म्हणजे पाणी आहे, पण ते ओढायला मुळं उरलेली नाहीत. अशा वेळी लोक आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळंही जातात.

तुमच्या मातीत काही खोट नाही, फक्त ती कुंडीतली माती नव्हे. शेतात पाणी दिल्यावर चार दिवसांनी वाफसा येतो, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होते, कारण पाणी खाली मुरायला खोली असते, वरून ऊन-वारा असतो, गांडुळांची बिळं असतात. आठ-दहा इंचांच्या बिनभोकाच्या कुंडीत, घराच्या सावलीत, वाफसा येतच नाही. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. पाणी प्यायली की ही माती फुगते आणि कणांमधल्या हवेच्या जागा बुजतात. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. ती मिळाली नाही की ती गुदमरतात आणि पिथियमसारख्या बुरशा त्यांच्यावर चढतात. हळदीला, आल्याला कंदकूज होते ती बऱ्याचदा याच पिथियममुळे, तेव्हा तुमच्या घरात हा रोग कुणाला नवा नसेल. शिवाय ही माती वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. चुनखडीमुळे ती अल्कधर्मीही असते. त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

खडीबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण ही समजूत घराघरांत आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब होईपर्यंत ती पाणी धरून ठेवते, मगच थेंब खाली पडतो. म्हणजे खडी घातल्यानं निचरा वाढत नाही, चिखलाचा थर तेवढा वर सरकतो आणि मुळांच्या वाट्याची जागा कमी होते. भोक असलेल्या कुंडीतही खडी नको. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. भोक नसेल तर ती खडी म्हणजे साठलेल्या पाण्याची टाकीच, आणि तिला वास सुटतो.

मुळं कशी तपासायची

आधी जुळवाजुळव करा. एक बादली साधं पाणी, धारदार कात्री, कात्री पुसायला औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट, जुने पेपर, आणि तळाला चार-सहा भोकं असलेली सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी. नर्सरीची काळी कुंडी टाकून दिली नसेल तर तीच सर्वांत उत्तम. साबणानं घासून घ्या.

झाड ओढून काढू नका. कुंडी आडवी करा, कडेनं सुरी फिरवा, देठांच्या बुडाशी धरून गोळा बाहेर घ्या. गोळा पंधरा-वीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवला की काळी माती आपोआप सुटते. बोटांनी कुरतडू नका, हलवून हलवून धुवा.

निरोगी मूळ पांढरं किंवा सायीच्या रंगाचं, टणक असतं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा राहतो. वासही येतो. असं प्रत्येक मूळ निरोगी भागापर्यंत कापा, दर चार-पाच कापांनंतर कात्री स्पिरिटनं पुसा. भीड ठेवू नका. चार इंच कुजकं मूळ ठेवण्यापेक्षा इंचभर पांढरं मूळ बरं.

मग मधला गड्डा, म्हणजे पानं आणि मुळं जिथून फुटतात तो भाग, दाबून बघा. तो टणक असेल तर झाडात जीव आहे, मुळं अगदी थोडी उरली असली तरी. एका बाजूनं मऊ झाला असेल तर तेवढा भाग कापून टाका. पीस लिली एकच झाड नसते, तो फुटव्यांचा पुंजका असतो. स्वतःची मुळं आणि दोन-तीन पानं असलेला एखादा फुटवा निरोगी दिसला तर तो वेगळा करून लावा. सगळा गड्डा लोण्यासारखा झाला असेल तर मात्र तिच्यावर आणखी मेहनत करण्यात अर्थ नाही.

कापलेल्या जागी हळद लावावी का, हे सांगलीत विचारलं जाणारच. चिमूटभर लावली तर बिघडत नाही, पण कूज हळदीनं थांबत नाही. ती हवेशीर मिश्रणानं थांबते. शेतातली बुरशीनाशकं तर घरात आणूच नका. ती मोकळ्या रानात, हातमोजे-मास्क घालून फवारायची औषधं आहेत.

मुळं किती गेली त्या प्रमाणात पानंही काढावी लागतात. पिवळी सगळी बुडापासून कापा. फुलांचे दांडेही कापा. दोन तृतीयांश मुळं गेली असतील तर हिरव्यांपैकीही जवळपास निम्मी पानं काढा, बाहेरची जुनी आधी. जिवावर येतं, पण उरलेल्या मुळांना तेवढ्याच पानांना पाणी पुरवणं झेपतं.

मिश्रण

सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर मिश्रण बसतं. थोडं उरलं तरी चालेल म्हणून तीन लिटरचं माप देत आहे. पाव लिटरच्या मगानं मोजा: सहा मग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन मग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे), दोन मग चाळलेलं गांडूळखत, एक मग लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे. कोळसा नसला तरी फार अडत नाही, त्याच्या जागी परलाइटच वाढवा. परलाइट ओलं करून मिसळा, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. ते मिळालं नाही तर भाताचं भाजलेलं तूस वापरा. काळं, अख्खं तूस हवं, जळून पांढरी राख झालेलं नको. तेही नसेल तर क्रश सँड चाळून धुऊन दोन ते चार मिलिमीटरची खर घ्या. बांधकामाची बारीक वाळू नको. ती कोकोपीटच्या पोकळ्या बुजवते.

साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. ती तशीच वापरू नका. कोकोपीटमध्ये क्षार असतात. सुती फडक्यात घालून दोन-तीन पाण्यानं धुवा, पाणी फिक्या चहासारखं येईपर्यंत, आणि घट्ट पिळून घ्या. पाकिटावर ‘लो ईसी’, म्हणजे कमी क्षार, लिहिलेलं असेल तर एक धुणं पुरतं.

साखर कारखान्याची मळी फुकट मिळते म्हणून कुंडीत घालायचा मोह कुणाला होतो. कच्ची मळी कुजताना तापते आणि वास सोडते. घरात ती नकोच.

लावताना गड्डा पूर्वी होता तेवढाच खोल ठेवा. मिश्रण काठापासून पाऊण इंच खालीपर्यंत भरा. अंगठ्यानं दाबून बसवू नका. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर आपटली की ते आपोआप बसतं. मग एकदाच सावकाश पाणी द्या, खालून धार येईपर्यंत. साधारण चारशे मिली लागेल. वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी सैल उलटी घाला, तिला आठ-दहा भोकं पाडा आणि रोज तासभर काढून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हा आडोसा उपयोगी पडतो. आठ-दहा दिवसांनी पिशवी काढून टाका.

कुंडी आधीपेक्षा लहान झाली याचं वाईट वाटून घेऊ नका. मुळांच्या गोळ्यापेक्षा एक-दोन इंच मोठी कुंडी पुरते. त्याहून मोठीत मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी तसंच राहतं. तुमची पांढरी कुंडी वाया जाणार नाही. तिच्यात एक बशी पालथी घाला, वर ही सहा इंची कुंडी ठेवा. हॉलची शोभा राहील, आणि पाणी घातल्यावर तळाशी साचलेलं ओतून देता येईल. भोकच पाडायचं असेल तर टाइल-काच कापायचं दहा-बारा मिलिमीटरचं डायमंड बिट, ड्रिलचा हॅमर बंद, आणि सतत पाण्याची धार. घाई केली की कुंडी तडकते.

पाणी किती, कोणतं

‘रोज एक तांब्या’ हा हिशेब आजपासून बंद. तर्जनी दोन पेरं आत घाला. तिथे कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलसर असेल तर राहू द्या. कोकोपीट फसवतं: वरून तांबूस-कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून नजरेवर जाऊ नका. आणखी सोपी सवय म्हणजे पाणी दिल्यावर कुंडी एकदा उचलून वजन हाताला लावून घ्या आणि रोज जाता-येता उचलून बघा. आठवड्याभरात हाताला कळायला लागतं.

द्याल तेव्हा पोटभर द्या. सहा इंची कुंडीला चारशे ते पाचशे मिली, खालून वाहीपर्यंत. वीस मिनिटांनी बशीतलं ओतून टाका. रोज अर्धी वाटी घालत राहिल्यास वरचा थर ओला, खालचा कोरडा आणि क्षार मधल्या थरात, असं होतं. सांगलीत मार्च ते मे दर तीन-पाच दिवसांनी, जुलै-ऑगस्टला आठ-बारा दिवसांनी, थंडीत आठवड्या-दहा दिवसांनी पाळी येईल. हा अंदाज आहे, निकाल बोटाचाच. सातारा शहरात उन्हाळा थोडा सौम्य असतो. पाटण, जावळीकडे तर पावसाळ्यात घरातली हवाच ओली असते, तिकडच्या वाचकांनी त्या महिन्यांत पंधरा दिवस वाट बघितली तरी चालेल. कधी गावाला गेलात आणि मिश्रण पार वाळलं, तर वरून घातलेलं पाणी कडेनं सुटून जातं. कोकोपीट ते शोषतच नाही. तेव्हा कुंडी अर्धा तास दोन-तीन इंच पाण्यात उभी ठेवा.

आता टोकं करपण्याचं. यामागे तीन कारणं एकत्र आली आहेत: मेलेली मुळं, निम्मं शेणखत आणि पाणी. आरओचं वाया जाणारं पाणी काटकसर म्हणून झाडाला घालणं दिसायला शहाणपणाचं, पण तेच सर्वांत खारट असतं. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ८०० आहे आणि मशीन तीन लिटरमागे एक लिटर पिण्याचं देतं. तर उरलेल्या दोन लिटरचा टीडीएस बाराशेच्या घरात जातो. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. पानातून वाफ होऊन पाणी निघून जातं, क्षार टोकाशी साचतात आणि टोक जळतं. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. दिसायला नको असेल तर पानाच्या आकारात कापा, पण तपकिरी भागाची बारीक किनार ठेवून. हिरव्यात कापलं तर नवं टोक तयार होऊन तेही वाळतं.

महापालिकेच्या नळाला येणारं पाणी बहुतेक बोअरपेक्षा बरं; उघड्या बादलीत रात्रभर ठेवा म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. फक्त बोअरच असेल तर निम्मं पिण्याचं आरओ पाणी मिसळा. टीडीएस मीटर घरात असेल तर ३००च्या आसपास किंवा खाली येईल असं बघा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते साठवून वापरा. जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी मात्र नको, त्यात सोडियम असतो. दर दोन महिन्यांनी कुंडी बाथरूममध्ये नेऊन चार-पाच लिटर चांगलं पाणी हळूहळू तिच्यातून जाऊ द्या, साचलेले क्षार निघून जातात. पावसाळ्यात रिमझिम असेल तेव्हा गॅलरीत तासभर ठेवलीत की हे काम आपोआप होतं.

जागा

टीव्हीचा कोपरा माणसांच्या डोळ्यांना उजेडाचा वाटतो, झाडाला नाही. भर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीच्या कडा पुसट पण बोटं ओळखू येत असतील तर जागा योग्य. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड वाढत नाही, नुसतं टिकतं, आणि पाणी तर फारच कमी पितं. तुमच्या कुंडीत पाणी साचण्याचं हेही एक कारण.

पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत, किंवा उत्तरेच्या खिडकीला लागून, अशी जागा शोधा. सकाळी आठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं. दहानंतरचं उन्हाळी ऊन पानावर पांढरट डाग पाडतं. खिडक्यांबद्दलचे सल्ले पुष्कळदा थंड देशांतून उचललेले असतात, ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सांगलीत मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून उत्तरेला सरकतो. ऑगस्टच्या सुरुवातीला परततो. म्हणून मे अखेर-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ थेट ऊन येतं, आणि डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन खोलीत पार आतपर्यंत जातं. झाड वर्षातून दोनदा फूट-दोन फूट हलवावं लागेल किंवा पातळ पांढरा पडदा लावावा लागेल. एसीचा झोत, कूलरचा झोत आणि फ्रिजची मागची बाजू या तीन जागा टाळा. पानांवर पाणी फवारण्याला मी फारसं महत्त्व देत नाही. दमटपणा दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि खारट पाणी असेल तर पांढरे डाग राहतात. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी ओल्या सुती फडक्यानं पानं पुसा. खोबरेल तेल, दूध, चमकवणारे स्प्रे काही नको.

बेडरूममध्ये ठेवायची तर उजेड असेल तरच ठेवा. हवा शुद्ध होण्याची गोष्ट नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगातून आली. ते प्रयोग बंद पेट्यांत केले होते. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की खऱ्या घरात उघड्या खिडकीइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. सकाळी खिडकी उघडा, झाड शोभेसाठी ठेवा.

फुलं, चिलटं, खत

फुलं हिरवी होणं हा रोग नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ते पांढरं पान असतं. खरी फुलं मधल्या कणसावर, बारीक. महिना-दीड महिन्यानं ते पान हिरवं होऊन वाळतं, मग दांडा बुडापासून कापायचा. नर्सरीतल्या रोपांना एकदम भरघोस फुलं आणण्यासाठी बऱ्याच ठिकाणी जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, फवारतात. द्राक्षावर जीए वापरणाऱ्या तासगावच्या माणसाला ते काय हे सांगायला नको. म्हणून घरी आल्यावर सहा महिने, वर्षभर फूल आलं नाही तर झाड बिघडलं असं समजू नका. फूल उजेडावर येतं, खतावर कमी.

चिलटं शेणखतावर आलेली आहेत. त्यांच्या अळ्या वरच्या इंच-दीड इंच ओल्या थरात राहतात, कुजका भाग आणि कोवळी मुळं खातात; अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा. माती बदलली, वरचा थर मधून मधून वाळू दिला की त्यांचं अन्न तुटतं. बागेतले पिवळे चिकट सापळे तुमच्याकडे असतीलच. त्यातला तळहाताएवढा तुकडा कापून काडीला लावून कुंडीत खोचा. महिनाभर सापळा काढू नका, पहिल्या आठवड्यात कमी झाली तरी. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, केळीची सालं यातलं काहीही कुंडीत पडता कामा नये.

१९:१९:१९ वाईट नाही, पण आजारी झाडाला नको. मुळं नसताना मातीत क्षार वाढवले तर उरल्यासुरल्या मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. नवी दोन पानं पूर्ण उलगडल्यावर सुरू करा: सपाट पाव चमचा, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम, अडीच लिटर पाण्यात. महिन्यातून एकदा, तेही आदल्या दिवशी साधं पाणी देऊन ओल्या मिश्रणावर. शेतातलं लिटरला पाच ग्रॅमचं माप घरात लावू नका. डिसेंबर-जानेवारीत खत बंद.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पीस लिली अळूच्याच कुळातली आहे. तिच्या पानांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंड, घसा खाजतो, सुजतो. कापाकापी झाल्यावर हात धुवा.

पुढच्या वेळी झाड आणाल तेव्हा कुंडी लगेच बदलू नका. नर्सरीच्या हिरव्या जाळीतून घरात आलेलं झाड दोन-चार आठवड्यांत खालची दोन-तीन पानं गाळतं, ते नव्या उजेडाशी जुळवून घेणं असतं. त्यात कुंडी बदलली की दुहेरी ताण येतो. पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. पानांच्या मागे आणि देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, लाल कोळी, खवले कीड बघा. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, दर पाच-सहा दिवसांनी, तीन-चार वेळा. द्राक्षावरची औषधं इथेही नकोत. लाल चिकणमातीच्या गोळ्यात आलेली रोपं असतील तर मात्र तीन आठवड्यांनी तो गोळा भिजवून सोडवा. नाहीतर भोवती कितीही चांगलं मिश्रण घातलं तरी आतला गोळा एकतर गच्च ओला राहतो नाहीतर वीट होतो.

तुमच्या झाडाचं पुढे काय होतं ते असं ओळखा. पहिले दोन आठवडे ती लोळलेलीच दिसेल, एखादं-दुसरं पान आणखी पिवळं पडेल. त्याला घाबरून पाणी वाढवू नका. तीन ते सहा आठवड्यांत मधून पिवळसर हिरवी सुरळी वर आली की मुळं धरली. सहा आठवडे उलटूनही सुरळी नसेल तर बुडाशी माती थोडी सारून गड्डा दाबा. टणक लागला तर आणखी तीन आठवडे थांबा. मऊ लागला तर झाड आणि मिश्रण दोन्ही टाका, ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी करून कुंडी दहा मिनिटं बुडवून, धुऊन, उन्हात वाळवून मगच नवं रोप लावा.